सर ॲम्ब्रोज थ्रेलफॉल यांची विहीर

माणसं जातात, चरित्रं उरतात. हे वाक्य किसनरावांनी आजवर सतरा गौरवग्रंथांच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. त्या सतरांपैकी बारा जण अजून ठणठणीत होते, पहाटे फिरायला जात होते, एक जण तर पुढच्या निवडणुकीला उभा राहायच्या बेतात होता. ग्रंथ मात्र एकाही वाचनालयात सापडत नव्हता. अठरावा आता त्यांच्या मांडीवर होता, सुट्या पानांचा, प्रिंटरमधून नुकताच निघालेला, अजून कोमट. हा त्यांचा स्वतःचा. येत्या रविवारी ते पंचाहत्तर पूर्ण करणार होते आणि जुन्या विद्यार्थ्यांनी चिखलीत त्यांचा अमृतमहोत्सव करायचं ठरवलं होतं. त्यांतल्या धम्मदीपचा बसस्टँडमागे छापखाना. त्यानं गौरव अंकाचं काम अंगावर घेतलं, तीस जणांकडून लेख मिळवले आणि शेवटी सगळी प्रुफं गुरुजींच्याच हातात ठेवली. "तुमच्यावरचे लेख तुमाले दाखवू नये, मले समजते," तो म्हणाला होता, "पण तालुक्यात दुसऱ्या कोणाले प्रुफं पाह्यता येत नाही, त्याले मी काय करू." म्हणून किसनराव छापखान्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सकाळपासून स्वतःची स्तुती दुरुस्त करत होते. 'थोर' एका वाक्यात दोनदा आला की एक काढायचा. 'महान' आला की तोही काढायचा, पण काढण्याआधी जरा थांबायचं. तेविसाव्या पानावर पेन्सिल थांबली ती वेगळ्या कारणानं.

तेवीस आणि चोवीस ही पानं दयारामची. दयाराम म्हणजे शाळेतला निवृत्त शिपाई, किसनरावांच्याच गावचा, दोन वर्षांनी मोठा. त्यानं लिहिलं होतं: 'बालपणी गुरुजी गावच्या विहिरीत पडले. तेव्हा त्यांचे वय नऊ वर्षे. एका आचाऱ्याने कॉलर धरून त्यांना वर काढले. वर येताच त्यांनी पहिला प्रश्न केला, किती वाजले? हा प्रसंग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.' किसनरावांनी ते दोनदा वाचलं. मग उगाच चष्मा पुसला. नऊ वर्षांच्या किसनला कॉलर असलेला सदराच नव्हता. एक बंडी होती, तिला गळाही धड नव्हता. गावात घड्याळ एकच, ते पाटलांच्या ओसरीवर, आणि ते बंद. तिसरी एक गोष्ट होती, पण ती त्यांनी लगेच मनात येऊ दिली नाही. त्याआधी त्यांनी धम्मदीपच्या पाठीकडं पाहिलं. तो संगणकासमोर बसून कोणाच्या तरी लग्नपत्रिकेवर मोर चढवत होता. मान स्थिर. फारच स्थिर. वर्गातही हा पोरगा चिठ्ठी पुढं सरकवताना असाच स्थिर बसायचा.

कारण विहिरीत पडणारा तो मुलगा किसन नव्हता, ॲम्ब्रोज होता. आणि ती विहीर नव्हती, लिव्हरपूलच्या गोदीतलं पाणी होतं, जहाज आणि धक्का यांच्यामधलं, काळं, तेलकट. कॉलर धरून काढणारा आचारी जहाजावरचा. वेळ विचारायची सवयही ॲम्ब्रोजचीच, कारण थ्रेलफॉल घराण्यात सगळं भरती-ओहोटीवर चालायचं. आजोबा दोरखंड विकता विकता सहा जहाजांचे मालक झाले, बाप रोज जेवणाआधी भिंतीवरच्या हवामापकावर बोटानं टिचकी मारायचा, आणि आई गच्चीवरच्या दुर्बिणीतून आपली जहाजं मोजायची. सर ॲम्ब्रोज थ्रेलफॉल, पार्लमेंटचे सभासद, जहाजमालकांचे पुत्र. त्यांचं चारशे पानांचं इंग्रजी चरित्र किसनरावांना बुलढाण्याच्या रद्दीवाल्याकडं मिळालं होतं, पुठ्ठा फाटलेलं, कुठल्याशा साहेबी क्लबाचा शिक्का असलेलं. बरोबर त्याच आठवड्यात त्यांच्याकडं पहिल्या गौरवग्रंथाचं काम आलं होतं, बाजार समितीचे सभापती भगवंतराव यांच्या एकसष्टीचं. माहिती गोळा करायला ते भगवंतरावांकडं चार वेळा गेले. चारही वेळा चहा मिळाला आणि माहिती तेवढीच: जन्मलो, शाळेत गेलो, निवडून आलो. मधल्या काळाबद्दल विचारलं की भगवंतराव म्हणत, "तुमी लेहा न मास्तर, तुमाले तर सारं माहीत हाय." मग किसनरावांनी लिहिलं. नऊ वर्षांचे भगवंतराव विहिरीत पडले. लग्नघरच्या आचाऱ्यानं त्यांना कॉलर धरून काढलं. पुढं थ्रेलफॉलांचं 'प्रुडन्स' नावाचं जहाज जादा माल भरल्यामुळं तेवीस खलाशांसह बुडालं, आणि तरुण ॲम्ब्रोजनं पार्लमेंटात जहाजांवरच्या मालाला मर्यादा घालणाऱ्या कायद्याच्या बाजूनं, म्हणजे स्वतःच्या बापाच्या विरोधात मत दिलं. बाप चार वर्षं त्याच्याशी जेवणाच्या टेबलावर बोलला नाही, मीठही नोकराकरवी द्यायचा. भगवंतरावांच्या ग्रंथात जहाजाचा कापसाचा ट्रक झाला. मीठ मीठच राहिलं. प्रकाशन समारंभात भगवंतरावांच्या वडिलांनी, वय वर्षं शहाऐंशी, तो मिठाचा प्रसंग ऐकून डोळ्यांना उपरणं लावलं. त्या उपरण्यामुळं पुढचे सोळा ग्रंथ झाले. ज्या पक्षाचा माणूस येईल तो पाण्यात पडायचा, आणि वर येताच वेळ विचारायचा. जिल्ह्यातल्या सगळ्या पक्षांचं एवढं एकमत दुसऱ्या कशावरही झालेलं नव्हतं. ॲम्ब्रोज म्हातारपणी किनाऱ्यावर हात मागं बांधून उभे राहत; जिल्ह्यात खारं पाणी एकाच जागी, तेव्हा किसनरावांनी सतरांपैकी नऊ पुढाऱ्यांना लोणारच्या काठावर हात मागं बांधून उभं केलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. गौरवग्रंथ कोणी वाचत नाही, त्यात आपला उल्लेख आहे का एवढं बघतात, अशी त्यांची तीस वर्षांची पक्की समजूत होती.

मग हे काय होतं? त्यांनी पानं उलटली. बत्तिसाव्या पानावर निवृत्त मुख्याध्यापिका मंजुळाबाईंनी लिहिलं होतं की एका सभेत किसनराव अकरा मिनिटं काही न बोलता उभे राहिले आणि शेवटी सभाच नमली. अकरा मिनिटं ॲम्ब्रोज उभे होते, पार्लमेंटात. किसनरावांना शाळेच्या सभेत कोणी अकरा सेकंदही उभं राहू दिलं नव्हतं. एक्केचाळिसाव्या पानावर लोणारला शिक्षिका असलेली संजीवनी: 'गुरुजी सरोवराकाठी हात मागे बांधून उभे राहत.' किसनराव लोणारला आयुष्यात दोनदा गेले होते, दोन्ही वेळा सहल घेऊन, आणि दोन्ही वेळा त्यांचे हात मागं नव्हते, पोरांच्या मानगुटीवर होते. एकानं लिहिलं असतं तर चूक म्हणता आली असती. तिघांनी लिहिलं म्हणजे ठरवून. कोणीतरी ते पुस्तक पाहिलंय. कोणीतरी ओळ न् ओळ लावून पाहिलीय, आणि आता रविवारी, भर सभेत, शाल पांघरून झाल्यावर, कोणीतरी शांतपणे उठेल आणि म्हणेल, गुरुजी, किती वाजले? आणि सापळा किती बेमालूम. ही पानं खोडली तर का खोडली ते सांगावं लागणार. ठेवली तर खोटं स्वतःच्या हातानं तपासून छापल्यासारखं. "काही राह्यलं का गुरुजी?" धम्मदीप मान न वळवता म्हणाला. "उद्या देतो," किसनराव म्हणाले. त्यांना वाटलं, मोराचा पिसारा उगाचच जास्त मोठा केलाय यानं.

घरी येऊन त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. पुस्तक जागेवर होतं, पण कपडे ज्या बाजूला असायला हवे होते त्या बाजूला नव्हते. बेबीताई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय धुंडून राह्यले?" काही नाही, ते म्हणाले. "त्या गोऱ्याचं पुस्तक ना. तिथंच तर हाय." बेचाळीस वर्षांच्या संसारात किसनरावांनी बायकोला त्या पुस्तकाबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. तुले कसं माहीत, त्यांनी विचारलं, आवाज शक्य तेवढा खाली ठेवून. "दर उन्हाळ्यात डाळीसंगं उन्हात टाकते मी ते. कसर लागते त्याले." आणखी कोणी पाह्यलं? "गच्चीवर टाकते तर साऱ्या गल्लीनं पाह्यलं असंन. काऊन, सोन्याचं हाय का?" त्या आत गेल्या. किसनराव पेटीशेजारी जमिनीवरच बसले. तीस वर्षं ॲम्ब्रोज दर उन्हाळ्यात तुरीच्या डाळीशेजारी पालथे पडून होते आणि त्यांना पत्ता नव्हता. गल्लीत कोणाकोणाला इंग्रजी येतं याची त्यांनी मनात उजळणी सुरू केली, आणि तिसऱ्या नावाला लक्षात आलं की त्या तिघांनाही आपणच शिकवलं आहे, म्हणजे येत नसणार.

सकाळच्या बसनं ते उंद्रीकडं निघाले. फाट्यावर उतरून पुढं दोन किलोमीटर चाललं की त्यांचं जुनं गाव. दयाराम ओट्यावर कोवळ्या उन्हात पाय सोडून तुरीच्या शेंगा सोलत होता. "या गुरुजी," तो म्हणाला, "लेख वाचला वाटते. जमला न?" किसनराव उभेच राहिले. कोणी लिहून दिला, त्यांनी विचारलं. "म्याच. अक्षर नातीचं, पन सांगतलं म्या." "मी कधी पडलो बे विहिरीत?" दयारामनं हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे टोपल्यात टाकले, टरफल वेगळं ठेवलं. "धम्मदीप म्हने, दोन पानं पाह्यजेत. दोन पानं म्हंजे काय कमी झाले? मले कुठं लेहता येते. म्या भगवंतरावचा ग्रंथ काढला, तुमीच लेह्यलेला. कसं कसं राह्यते ते पाह्यलं. पह्यले जनम, मंग पान्यात पडनं, मंग आचारी. मंग त्या दुसऱ्या पार्टीवाल्याचा काढला. त्यातबी तेच. म्हटलं मोठा मानूस पान्यात पडतेच. आपल्याले माहीत नसंन, पडले असतीन कधी." त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. किसनराव तो चेहरा उत्तरपत्रिकेसारखा तपासत राहिले. "अन् डोळ्यानं पाह्यलं म्हणून लेह्यलं ते?" "त्यातबी कोनं तरी पाह्यलंच होतं न. कोनी पाह्यलंच नसंन त मले त्या दिवशी पुढची खुर्ची कोन देईन?"

म्हणजे कट नव्हता. कोणी पुस्तक उघडलं नव्हतं. मंजुळाबाईंनी, संजीवनीनं, सगळ्यांनी त्यांचेच ग्रंथ समोर ठेवून गिरवले होते. आठवण कशी असते ते त्यांच्याकडूनच शिकले होते. किसनरावांना हलकं वाटायला हवं होतं. पण आता ती तिसरी गोष्ट वर आली, कालपासून दाबून ठेवलेली, आणि ती बोलल्याशिवाय त्यांना बसता येईना. "दयाराम, गावची विहीर म्हणून लेह्यलं तू. त्या विहिरीजवळ आमाले कोण येऊ देत होतं बे? पडायचं म्हटलं असतं तरी अर्ज करावा लागला असता." दयाराम हसला नाही. त्यानं उगाच एक सोललेली शेंग पुन्हा उचलली. आतल्या चुलीचा धूर ओट्यावर आला आणि निघून गेला. "ते म्या कसं लेहू गुरुजी," तो म्हणाला. "गौरव अंक हाय. लोकं जेवाले येतीन." किसनराव ओट्याच्या कडेला टेकले. त्यांना एकाएकी ॲम्ब्रोजचा राग आला. कॉलर धरून हा परका पोरगा उचलला गेला होता आणि नेमका तिथं आणून टाकला होता जिथून त्यांची आई तीन हात लांब उभी राहायची. तीस जणांचे लेख, शहाण्णव पानं. त्यांत आपलं एक तरी वाक्य आहे का? उद्या आपण गेलो तर हीच पानं उरणार, आणि त्यांच्यात राहणार लिव्हरपूलचा माणूस. "दयाराम," ते म्हणाले, आणि आपल्या आवाजातली विनवणी ऐकून स्वतःच दचकले, "ग्रंथाचं सोड. तुले माझं खरंच काही आठवते का?"

दयारामनं टोपलं हलवून दाणे सारखे केले. किसनरावांना वाटलं, आता हा म्हणणार, नाही. "माही माय पानी वाढे तुमाले," दयाराम म्हणाला. "वरतून. तुमची माय तिकडं उभी राहे अन् तुमी पुढं येत पान्याचा पितळी गुंड घेऊन. गुंड तुमच्यापेक्षा मोठा. दोन्ही हातानं धरत. अन् धार पडली का डोये मिटत. मले लय हसू ये. हा पोट्टा डोये मिटून पानी घेते म्हने." त्यानं पुढची शेंग घेतली. "एक दिवस म्या मायचा हात मुद्दाम हालवला. सारं पानी तुमच्या तोंडावर. आता रडते म्हटलं. तुमी डोये उघडलेच नाही. तसेच उभे, गुंड धरून. मायनं मले झोडपलं मंग. तुमी गेले तरी झोडपत होती." टोपल्यात दाणे पडत राहिले. "हे म्या कोनाले सांगतलं नाही. तुमच्यासंगं बत्तीस वर्सं शाळेत घंटा वाजवली, पन कसं सांगू. तुमाले माहीत असंनच म्हटलं." किसनरावांना माहीत नव्हतं. त्यांना पितळेच्या गुंडाचा गळा आठवत होता, थंड, बोटांना रुतणारा. धारेचा आवाज आठवत होता, आधी पोकळ आणि मग भरत जाणारा. चेहरा कोणाचाच आठवत नव्हता. डोळेच मिटलेले, तर दिसणार काय. ते दृश्य फक्त एकाच माणसाकडं होतं, आणि तो माणूस कालपर्यंत त्यांना विहिरीत पाडत होता.

परतीच्या बसमध्ये त्यांनी ते तपासून पाहिलं. चारशे पानं मनातल्या मनात चाळली. डोळे मिटून पाणी घेणारा मुलगा कुठंच नव्हता. थ्रेलफॉल घराण्यात पाणी असं कोणी वाढत नव्हतं. म्हणजे हे आपलं. की दयारामनं आत्ता ओट्यावर बसून रचलं, गुरुजींना काहीतरी द्यायला हवं म्हणून? आलेल्या माणसाला चहा देतात तसं? पण चहाबरोबर कोणी स्वतःचा मार सांगत नाही. खिडकीबाहेर हरभऱ्याची शेतं मागं जात होती आणि किसनरावांच्या मनात ॲम्ब्रोजच्या चरित्राची प्रस्तावना आली. लेखक जी. डब्ल्यू. पेल्हॅम, त्यांच्याविषयी पुस्तकात कुठं काही नाही. प्रस्तावनेच्या शेवटी त्यांनी थ्रेलफॉल घराण्याचे कागदपत्रांबद्दल आणि आतिथ्याबद्दल आभार मानले होते. 'आतिथ्याबद्दल' हा शब्द किसनरावांनी स्वतः सतरा वेळा लिहिला होता; त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. त्याचा अर्थ, चार वेळा गेलो, चहा मिळाला. पेल्हॅमही असाच कुठला तरी पेन्शनवाला मास्तर असेल, आणि त्याच्याही पेटीत तिसऱ्याच कोणाचं पुस्तक असेल, आणि ॲम्ब्रोज आयुष्यात पाण्यात पाय न बुडवता मेले असतील. जहाजवाल्यांचा पोरगा आहे तर एकदा तरी पडला पाहिजे, असं पेल्हॅमला वाटलं असेल. किसनरावांना त्या माणसाची, कधी न पाहिलेल्या, एकदम ओळख पटली, बसमध्ये समोरच्या सीटवर बसल्यासारखी, आणि ती त्यांना अजिबात आवडली नाही. त्यांनी प्रुफांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दयारामची गोष्ट लिहायला घेतली. विशेषण एकही घातलं नाही. बस हादरत होती तरी अक्षर वळणदार आलं याचीच त्यांना जरा शंका आली.

"तेवीस-चोवीस पानं काढ, हे घाल," छापखान्यात येऊन त्यांनी कागद धम्मदीपपुढं ठेवला. धम्मदीपनं उभ्यानं वाचला. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. त्यानं कागद खाली ठेवला तो जपून, दोन्ही हातांनी. "गुरुजी, हे चांगलं हाय," तो म्हणाला. "पण हे साऱ्याइचंच हाय. माह्या आज्याचं बी हेच. शेजारच्या प्रेमानंदच्या बापाचं बी हेच. आमच्या गल्लीत कोणालेही विचारा, वरून पाणी घेतलेलं हाय. गौरव अंकात तुमचं एकट्याचं पाह्यजे न. ते विहिरीत पडले, वर येऊन टाईम विचारला, ते कसं, वाचलं का वाटते, हे फक्त आपल्या गुरुजीचंच." किसनरावांनी प्रुफं खाली ठेवली. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि सांगायला सुरुवात केली, वर्गात सांगत तशी, शुद्ध भाषेत, सुरुवातीपासून. रद्दीवाला. भगवंतराव. आजोबांचे दोरखंड, सहा जहाजं, आईची दुर्बीण. 'प्रुडन्स'वरचे तेवीस खलाशी, आणि त्यांच्या जागी आपण घातलेल्या कापसाच्या गाठी. चार वर्षांचं मीठ. अकरा मिनिटांची शांतता. लोणारच्या काठावर उभे केलेले नऊ जण. तीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी कधी उच्चारली नव्हती, आणि उच्चारताना ती अपेक्षेपेक्षा फारच लहान निघाली; भिंतीवरच्या घड्याळात जेमतेम बारा मिनिटं गेली होती. "हे सगळं तुला आधीच माहीत असेल तर तसं सांग," ते शेवटी म्हणाले. "मला राग येणार नाही. आणि नसेल, तर रविवारचा कार्यक्रम करायचा की नाही ते तू ठरव."

धम्मदीप पंख्याकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता, कीव नव्हती, हसूही नव्हतं. हिशोबी माणसाच्या चेहऱ्यावर असते तेवढी एक बारीक आठी होती. "म्हंजे सतराई ग्रंथात तोच माणूस?" "तोच." "अन् आमच्या आमदाराच्या बी?" "त्यांच्याही." "अन् आता हा अठरावा." किसनरावांनी मान हलवली. बाहेर एक बस रिव्हर्स घेत होती आणि कंडक्टर तिच्या पत्र्यावर थापा मारत होता. थापा थांबल्या. किसनरावांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि आपले डोळे मिटलेले आहेत हे त्यांना जरा उशिरानं कळलं.

"त्या साहेबाचा फोटो हाय का पुस्तकात?" धम्मदीपनं विचारलं.

"आहे," किसनराव म्हणाले. "पहिल्याच पानासमोर."

"मंग तेवढा मोबाईलवर काढून पाठवजा. मलपृष्ठ कोरं जाऊन राह्यलं. पण उभा काढजा गुरुजी, आडवा कापल्या जाते."